आजोबांचं ड्रिल आणि घरची वीज

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळची वेळ. मी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच शेजारच्या अण्णांची नात धापा टाकत दारात उभी. आठवीत आहे. म्हणाली, "काका, लवकर चला! भंगारवाला तराजू घेऊन आलाय आणि आजोबा ड्रिल मशीन देऊन टाकतायत!"

चहा तसाच ठेवून गेलो. परसात पत्र्याच्या छपराखाली अण्णांचं ड्रिल मशीन उभं होतं. बिडाचं जड धूड, हिरवा रंग जागोजागी उडालेला, माथ्यावर पट्टा आणि मागे मोटर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अण्णांनी तीस वर्षं याच मशीनवर भोकं पाडली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले. भाड्याची शेड सोडली, लेथ विकला, पण ड्रिल मात्र टेंपोत घालून घरी आणलं. आसपासची बारीकसारीक कामं करू, चार पैसे मिळतील आणि दिवसही बरा जाईल, असा साधा हिशेब. पण घरी आल्यापासून सहा महिने ते मशीन गोणपाट पांघरून गप्प उभं होतं. कारण एकच. त्याची मोटर 'थ्री फेज'ची आणि घरची वीज 'सिंगल फेज'ची.

"घरात चालत न्हाई ते," अण्णा म्हणाले. "आणि बंद मशीनकडं रोज बघवत न्हाई बघा. जाऊ दे किलोच्या भावानं."

नातीने मला हळूच कोपराने ढोसलं. मी विचारलं, "अण्णा, मोटरवरची पाटी काय म्हणते?"

"पाटी? ती वंगणाखाली कवाच गाडली गेली."

"मग आधी पाटी वाचू. मामा, तुम्ही आठ दिवसांनी या," मी भंगारवाल्याला म्हटलं. तो हसत तराजू गुंडाळून गेला. नात रॉकेलचा बोळा आणायला पळाली.

तिचं पाटी पुसणं होईपर्यंत आपण ही थ्री फेजची भानगड काय आहे ते बघू.

जत्रेतली किंवा बागेतली लोखंडी चक्री आठवा. वर लहान मुलं बसलेली. चक्रीभोवती सारख्या अंतरावर तीन मुलं उभी केली आणि प्रत्येकाने आपल्यासमोर दांडी आली की ढकलायचं, असं ठरवलं तर काय होईल? पहिल्याचा ढकला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, पुन्हा पहिल्याचा. चक्री झोकात फिरत राहील आणि एकाच दिशेने फिरेल.

कारखान्यात येणारी थ्री फेज वीज अशीच असते. तीन तारा. प्रत्येकीतला विजेचा दाब सेकंदाला ५० वेळा चढतो-उतरतो. पण तिघी एकदम चढत नाहीत. पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, प्रत्येकीत सेकंदाच्या दीडशेव्या भागाचं अंतर! मोटरच्या आत, बाहेरच्या स्थिर भागात, तांब्याच्या तारेची वेटोळी तीन गटांत बसवलेली असतात. एकेका गटात पाळीपाळीने चुंबकत्व येतं, त्यामुळे जणू एक अदृश्य लोहचुंबक आत गोल गोल फिरत असतो. मधला लोखंडी गोळा, म्हणजे रोटर, त्या फिरत्या चुंबकामागे धावत सुटतो. गंमत म्हणजे रोटरला बाहेरून एकही तार जोडलेली नसते.

फिरत्या चुंबकत्वाची ही कल्पना इटलीतल्या तुरिन शहरात गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ साली प्रयोग करून दाखवली. अमेरिकेत निकोला टेस्ला यांना १८८८ साली तिची पेटंटं मिळाली. आणि जर्मनीत काम करणाऱ्या मिखाईल डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की यांनी १८८९ साली तीन फेजची मोटर तयार केली. अण्णांच्या ड्रिलची मोटर त्याच घराण्यातली. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण आतली रचना फारशी बदललेली नाही.

आता घराकडे वळू. घरात येतात दोन तारा, एक फेज आणि एक न्यूट्रल. म्हणजे चक्रीभोवती एकच मुलगा! शिवाय त्याला सांगितलंय की तू फक्त पुढे ढकल आणि मागे ओढ. चक्री कुठल्या दिशेला फिरेल? जागच्या जागी थरथरेल.

तुमच्या घरी पायाने चालवायचं शिलाई मशीन असेल तर ही अडचण चटकन कळेल. पाय पायट्यावर नुसते खालीवर होतात. म्हणून शिवायला बसलेली आई किंवा आजी आधी उजव्या हाताने वरचं चाक स्वतःकडे फिरवते आणि मग पाय मारते. तसं केलं नाही तर चाक कधी अडतं, कधी उलटं फिरतं आणि दोरा गुंततो. एकदा योग्य दिशेला वेग आला की मग नुसते पाय पुरतात. सिंगल फेजचं दुखणं नेमकं हेच आहे. सुरुवातीला दिशा दाखवणारा हात नाही! खेड्यातल्या मुलांनी पाहिलं असेल, शेतावरच्या मोटरचा एक फेज गेला की ती घूंऽऽ करत जागीच राहते. तशीच ठेवली तर थोड्याच वेळात तापून जळते.

मग घरातला छताचा पंखा कसा फिरतो? तोही सिंगल फेजवरच. त्याच्यात वेटोळ्यांचे दोन गट असतात आणि एका गटाच्या वाटेवर एक लहानशी डबी बसवलेली असते. वायरमन तिला कंडेन्सर म्हणतात, पुस्तकात कपॅसिटर म्हणतात. ही डबी मेली की बटण दाबूनही पंखा हलत नाही.

ही डबी करते काय? कंडेन्सर म्हणजे विजेची छोटी टाकी समजा. टाकी रिकामी असताना पाणी जोरात आत शिरतं आणि भरत आली की प्रवाह थांबतो. म्हणजे दाब शिखरावर पोचतो तोवर प्रवाहाचा जोर सरलेलासुद्धा असतो. थोडक्यात, कंडेन्सरमधून जाणारा प्रवाह आपली वेळ सोडून आधी येतो. एकाच तारेतून आलेली वीज दोन वेगवेगळ्या वेळी ढकलायला लागते आणि चुंबकत्वाला दिशा मिळते. शिलाई मशीनच्या चाकावरचा आजीचा हात म्हणजे हा कंडेन्सर!

"काका, पाटी दिसली!" नात ओरडली.

पाटीवर लिहिलं होतं: अर्धा हॉर्सपॉवर, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, ५० सायकल, मिनिटाला १४०० फेरे, जोडणी स्टार. मी टाळी वाजवली. तिला कळेना की एवढं काय झालं.

मी तिला वहीत चित्र काढून दाखवलं. तीन वेटोळ्यांची मिळून सहा टोकं. त्यातल्या तीन टोकांची एकत्र गाठ मारली आणि उरलेली तीन टोकं तीन फेजला दिली, की झाली 'स्टार' जोडणी. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला असा तिघांचा त्रिकोण केला, की झाली 'डेल्टा' जोडणी. स्टारमध्ये दोन फेजच्या मधला दाब दोन वेटोळ्यांत वाटला जातो. वेटोळी वेगवेगळ्या वेळी ढकलत असल्यामुळे वाटणी निम्मी-निम्मी होत नाही, ४१५ ला १.७३२ ने भागावं लागतं. (१.७३२ म्हणजे ३ चं वर्गमूळ.) आता तू भाग.

तिने वहीत भागाकार केला. "जवळजवळ २४०!"

"आणि घरात वीज किती व्होल्टची?"

"२३०... म्हणजे काका, आतली वेटोळी मुळात घरच्याच विजेएवढ्या दाबाची आहेत?"

अगदी बरोबर. वेटोळी तीच ठेवायची, फक्त त्यांची स्टारची गाठ सोडून डेल्टाचा त्रिकोण करायचा. तसं न करता स्टारमध्येच घरची वीज दिली, तर एकेका वेटोळ्याला १३३ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि मोटरचा जोर तिसऱ्या हिश्शावर येतो. पाटी वाचायचा आग्रह होता तो यासाठी. पाटीवर डेल्टा आणि ४१५ व्होल्ट असतं, तर ही युक्ती चाललीच नसती.

पण एक अडचण निघाली. मोटरची डबी उघडली तर बाहेर तीनच तारा. सहा टोकं बाहेर असती तर पितळी पट्ट्या बदलून काम झालं असतं. इथे स्टारची गाठ आत वेटोळ्यांत बांधून टाकलेली. अण्णांचा चेहरा पुन्हा उतरला. मग स्वतःच म्हणाले, "उद्यमनगरात आपला वाइंडिंगवाला हाय की!"

दुसऱ्या दिवशी मोटर स्कूटरवरून उद्यमनगरात. वाइंडिंगवाल्याने झाकणं काढली, दोरा आणि वॉर्निश हलक्या हाताने सोडवत गाठ शोधली, तिन्ही टोकं वेगळी केली, प्रत्येकाला नवी तार आणि वर नळी चढवली. मेगर लावून वीज कुठे अंगात झिरपत नाही ना तेही तपासलं. बेअरिंगं झिजली होती, ती बदलली. नात शेजारी स्टुलावर बसून टोकांवर चिठ्ठ्या लावत होती. कुठलं डोकं आणि कुठलं शेपूट यात एक जरी चूक झाली तर मोटर घूं करत तापणार, म्हणून तिने दोनदा पडताळलं.

आता कंडेन्सर केवढा घ्यायचा? याचा कारागिरांचा एक अंदाज आहे. २३० व्होल्टवर मोटरच्या दर किलोवॉटला सुमारे ७० मायक्रोफॅरड. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ०.३७ किलोवॉट. ७० गुणिले ०.३७ बरोबर २५.९. म्हणून २५ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्ट एसीवर सतत चालणारा कंडेन्सर आणला. दुकानात सुरुवातीला क्षणभरच वापरायचे स्वस्त कंडेन्सरही मिळतात. ते सतत चालवले तर फुटतात. डेल्टाच्या त्रिकोणाला तीन कोपरे. दोन कोपऱ्यांना फेज आणि न्यूट्रल, तिसऱ्या कोपऱ्याला कंडेन्सरमधून त्या दोघांपैकी एकाची तार.

या जोडणीला स्टाइनमेट्झ जोडणी म्हणतात. चार्ल्स स्टाइनमेट्झ (१८६५ ते १९२३) हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले विद्युत अभियंते. जन्मतःच पाठीला बाक आणि उंची चार फुटांच्या आसपास. पण चढत्या-उतरत्या विजेचं गणित त्यांनी इतकं सोपं करून ठेवलं, की जगभरचे अभियंते आजही त्याच रीतीने हिशेब करतात.

शनिवारी लायसन असलेले वायरमन आले. तारा जोडणं त्यांचं काम, आम्ही हात मागे बांधून उभे. अण्णांचा जुना स्टार्टर बटण दाबूनही पकडेना. त्याची कॉइल ४१५ व्होल्टची होती! ती बदलून २४० ची घातली. पुन्हा बटण. खट्ट आवाज झाला, पट्टा हलला आणि सहा महिन्यांनी मशीन फिरायला लागलं. नातीने उडी मारली. अण्णा मात्र कपाळाला आठी घालून म्हणाले, "उलटं फिरतंय की हे!"

खरंच, मशीन उलटं फिरत होतं. उलट्या ड्रिलने भोक पडत नाही, बिट नुसतं घासतं. पण यावर उपाय सोपा. वायरमननी मेन स्विच बंद केला, कंडेन्सर रिकामा केला आणि त्याची तार एका कोपऱ्यावरून काढून दुसऱ्यावर लावली. आता आजीच्या हाताने चाक दुसऱ्या बाजूला ढकललं. बटण दाबलं, मशीन सुलटं!

आता एक खरी गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काकांनी फुकटात जादू केली. यात फुकट काही नाही. एका फेजमधून तीन फेजचं सोंग आणलं तर ताकद साधारण दोन तृतीयांश उरते. सुरुवातीचा जोरही कमी असतो. ड्रिल मोकळं सुरू होतं आणि नंतर त्यावर भार येतो, म्हणून त्याला हे चालतं. पिठाची गिरणी किंवा हवेचा कॉम्प्रेसर पहिल्या क्षणापासून भाराखाली असतो, तिथे ही युक्ती धोका देते. अण्णांनी टाँग टेस्टर लावून तिन्ही वेटोळ्यांचा प्रवाह पाहिला. पाऊण तास चालवून मोटर किती तापते ते पाहिलं. आणि ठरवलं, की १२ मिलिमीटरचं भोक आता एका दमात पाडायचं नाही, आधी ६ चं आणि मग १२ चं. पूर्ण ताकद हवी असेल तर हल्ली घरच्या विजेतून तीन फेज तयार करणारी ड्राइव्ह नावाची पेटी मिळते. तिलाही ही मोटर डेल्टातच जोडावी लागते. किंवा सरळ सिंगल फेजची नवी मोटर घ्यायची. अण्णांच्या कामाला कंडेन्सर पुरेसा होता.

वायरमननी तीन गोष्टींवर मात्र अजिबात तडजोड केली नाही. त्या तुम्हीही पाठ करा.

पहिली, अर्थिंग. सगळं मशीन लोखंडाचं. आतली एखादी तार सुटून अंगाला लागली, तर मशीनला हात लावणारा माणूस विजेच्या वाटेत येतो. म्हणून मशीनच्या अंगापासून अर्थिंगची तार हवीच आणि बोर्डात गळती पकडणारा स्विचही हवा.

दुसरी, जाऊन येणारी वीज. नुसत्या साध्या बटणावर मशीन चालवलं आणि वीज गेली, तर परत आल्यावर ते आपोआप सुरू होतं. तेव्हा तुमची बोटं कुठे असतील कोण जाणे! स्टार्टर असला की वीज जाताच तो सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मशीन हलत नाही.

तिसरी, कंडेन्सरची साठवण. यावर अण्णांनी आपल्या उमेदवारीच्या दिवसांतली आठवण सांगितली. बाकावर एक सुटा कंडेन्सर पडला होता. कुठल्याच तारेला जोडलेला नाही, म्हणून त्यांनी बिनधास्त उचलला. "असा झटका बसला की मी मागच्या पिंपावर जाऊन आदळलो," अण्णा म्हणाले. "वीज बंद केली म्हंजी संपली, असं समजायचं न्हाई." म्हणूनच या कंडेन्सरवर एक रेझिस्टन्स कायमचा जोडलाय. मशीन बंद झालं की उरलेली वीज त्यातून हळूहळू निघून जाते. तरीही हात लावण्याआधी मोजून बघायचंच.

रविवारी ठरल्याप्रमाणे भंगारवाला हजर. "काय अण्णा, तोलायचं का?" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हिरवं बटण दाबलं. मशीन गुणगुणायला लागलं. भंगारवाला दोन मिनिटं नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या हातगाडीच्या चाकाची पट्टी ढिली झालीय. बोल्टचं भोक मोठं करून देता का?"

अण्णांनी चष्मा लावला, पट्टी शिकंज्यात पकडली, आधी लहान आणि मग मोठं बिट लावलं. चकचकीत लोखंडाचे कुरळे कीस टेबलावर पडले. दहा रुपयांची नोट अण्णांनी नातीच्या हातात दिली. "पाटी वाचायची मजुरी," म्हणाले.

करून बघा

शिलाई मशीनवर, मोठ्यांना विचारून आणि दोरा काढून ठेवून, चाकाला हात न लावता नुसते पाय मारा. दहा वेळा करा. किती वेळा चाक सुलटं फिरलं, किती वेळा उलटं, किती वेळा अडलं ते वहीत लिहा. मग दर वेळी आधी हाताने दिशा द्या आणि पुन्हा मोजा.

दुसरं काम, घरातल्या मोटरींच्या पाट्या शोधा. मिक्सर, पाण्याचा पंप, कपडे धुण्याचं यंत्र. व्होल्ट, वॉट, फेरे असा तक्ता करा. नुसतं वाचायचं हं! मिक्सरचा प्लग आधी काढायचा आणि कुठलंही झाकण उघडायचं नाही. पंखा, बोर्ड आणि कंडेन्सर ही वायरमनची कामं आहेत.

या आठवड्याचं कोडं

अण्णांच्या मोटरमधलं अदृश्य चुंबक मिनिटाला १५०० फेरे मारतं. पण पाटीवर आहेत १४०० फेरे. मग रोटरचे १०० फेरे गेले कुठे? आणि त्याने चुंबकाला गाठलंच तर काय होईल? एक इशारा देतो. रोटरला बाहेरून तार जोडलेली नाही, हे विसरू नका. उत्तर पुढच्या अंकात.